संकोचाच्या जागी

गुदद्वाराच्या कर्करोगाबद्दल आपण घरात बोलत नाही, डॉक्टरांपुढेही अडखळतो. म्हणून अमेरिकेतला ‘अँकर’ अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. डॉ. जोएल पालेफ्स्की यांच्या नेतृत्वाखाली एचआयव्हीसह जगणाऱ्या, किमान ३५ वर्षांच्या सुमारे ४,४०० जणांना त्यात घेतलं. सर्वांच्या गुदद्वारात एचपीव्ही विषाणूमुळे होणारे कर्करोगपूर्व बदल झालेले. निम्म्यांच्या त्या बदललेल्या भागावर उपचार केले, बहुतेकांचा तो दवाखान्यातच विजेच्या उपकरणाने जाळून. बाकीच्यांवर फक्त बारीक नजर ठेवली. उपचार घेतलेल्यांत ९ जणांना कर्करोग झाला, दुसऱ्या गटात २१ जणांना. मग २०२१मध्ये अभ्यास मुदतीआधी थांबवून सर्वांनाच उपचार देऊ केले. गर्भाशयमुखाच्या बाबतीत कर्करोगाआधीच उपचार करण्याची हीच रीत आपण कधीच स्वीकारली आहे. गुदद्वाराच्या बाबतीत मात्र रक्त दिसलं तरी मूळव्याध म्हणून माणसं महिनोन्महिने मलम लावत राहतात.