मरुभूमीतील यात्रा आणि वैद्याची सिद्धता

भाद्रपद शुद्ध द्वितीयेस राजस्थानातील रामदेवरा येथे बाबा रामदेवांची यात्रा भरते. नामसाधर्म्याने कोणाचा घोटाळा होऊ नये म्हणून आरंभीच सांगितले पाहिजे, की हे मध्ययुगातील संतपुरुष व मारवाडचे लोकदैवत होत. हिंदू त्यांना श्रीकृष्णाचा अवतार मानतात, तर मुसलमान ‘रामसा पीर’ म्हणून त्यांच्या समाधीपुढे मस्तक नमवितात. जैसलमेर जिल्ह्यात पोखरणपासून सुमारे १२ किलोमीटरवर असलेले हे गाव एरवी थारच्या वाळवंटातील एक लहानसे ठिकाण आहे. यात्राकाळात मात्र तेथे लक्षावधी भाविक लोटतात. गुजरात, माळवा आणि सर्व राजस्थानातून हे ‘जातरू’ पायी येतात, अनेक जण अनवाणी येतात आणि द्वितीयेच्या कितीतरी दिवस आधी वाटेला लागतात.

आमच्या गावातील राजस्थानी व्यापारी बंधूंचे एक सेवामंडळ दरवर्षी जोधपूर-पोखरण मार्गावर पाणी, भोजन व औषधोपचार यांचे शिबिर भरविते. त्यांच्या आग्रहावरून आम्ही २०२३ च्या यात्रेत प्रथम गेलो व पुढेही जात राहिलो. त्या अनुभवातून जे शिकलो ते वैद्यबांधवांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते. त्यातील काही भाग आमच्या स्वतःच्या चुकीचा आहे. तो झाकून ठेवला तर या लेखाला काही अर्थ उरणार नाही.

पहिल्या वर्षी आम्ही भरपूर औषधे नेली होती, पण तयारी नेली नव्हती. तपासणीचे टेबल, चूर्णांचे डबे, तैले, गुटी यांनी तंबू सजला होता. एका पहाटे वीस-बावीस वर्षांच्या एका तरुणास त्याच्या सोबत्यांनी हाताला धरून आणले. रात्री भंडाऱ्यात जेवून तो रस्त्याच्या कडेला उघड्या जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात तीव्र वेदना होऊन त्याला जाग आली. दोनदा वांती झाली होती. सोबती घाबरून एकच सांगत होते, ‘पीवणा पी गया.’ त्या भागात अशी समजूत आहे, की पीवणा नावाचा साप रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पितो आणि जाताना मुखात विष सोडतो. आम्ही मनोमन हसलो. अंगावर दंशाची खूण शोधली, ती दिसली नाही, सूज नव्हती. अजीर्णाचे निदान करून हिंग्वाष्टक चूर्ण कोमट पाण्यातून दिले आणि पडून राहण्यास सांगितले.

सुमारे चाळीस मिनिटांनी त्याच्या पापण्या उचलेनात. आवाज गेंगाणा झाला, आवंढा गिळता येईना. तेव्हा आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मण्यारीचा दंश असाच असतो, हे आम्ही पदवी परीक्षेला पाठ केले होते! शिबिराचे वाहन दुसऱ्या रुग्णास घेऊन गेले होते. ते परत येईपर्यंत आणखी अर्धा तास गेला. रुग्णालयात प्रतिविष मिळाले, पुढे जोधपूरला नेऊन कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागले. काही दिवसांनी तो तरुण आपल्या गावी परतला. तो वाचला, परंतु त्याचे श्रेय आमच्या शहाणपणास मुळीच नाही. शिवाय ज्याची गिळण्याची शक्ती क्षीण होत चालली होती त्याच्या मुखात आम्ही चूर्ण घातले होते. ते श्वासमार्गात गेले असते तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

पुढे आम्ही त्या लोकसमजुतीचा शांतपणे विचार केला. तिच्यातील कार्यकारणभाव चुकीचा आहे. साप श्वास पीत नाही, तो चावतो. पण तिच्यातील निरीक्षण किती अचूक आहे पाहा! मण्यारवर्गीय साप रात्री हिंडतात, जमिनीवर झोपलेल्यास दंश करतात, दंश बहुधा वेदनारहित असतो, खूण दिसत नाही, पोट दुखते, पापण्या मिटतात आणि शेवटी श्वास थांबतो. अशिक्षित सोबत्यांनी पिढ्यान्पिढ्यांचे ज्ञान चार शब्दांत आमच्यासमोर ठेवले होते आणि आम्ही पदवीधर त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे झालो. ज्या देशात जावे त्या देशाचे व्याधी तेथील माणसांना विचारावेत, ही आमची पहिली शिकवण.

देशपरीक्षा हा तर आपल्या शास्त्राचा पायाच आहे. जांगल, आनूप व साधारण हे देशभेद आपण जाणतो. मरुभूमी हा जांगल देशाचा परमोत्कर्ष आहे. अल्प उदक, विरळ वृक्ष, प्रखर वायू व आतप, त्यामुळे वातपित्ताचे प्राबल्य. याच प्रदेशातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. यात्रा त्या काळात नसली तरी भाद्रपदातही दुपारचा पारा ३५ अंशांच्या पुढे जातो. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, तो क्षणात उडून जातो. त्यामुळे आपले किती पाणी गेले याची चालणाऱ्यास कल्पनाच येत नाही. कोकणात किंवा पुण्यात रुग्ण तपासण्याची सवय असलेल्या वैद्याची येथे फसगत होते.

उष्माघाताच्या बाबतीत एक नियम सर्वांनी मनावर कोरून घ्यावा. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर असून रुग्ण असंबद्ध बोलत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर आधी शीतोपचार आणि मग प्रवास. सावलीत निजवून, कपडे सैल करून सर्वांगावर पाणी शिंपडावे व जोराने वारा घालावा. मरुभूमीतील कोरडी हवा येथे आपली मित्र ठरते, कारण पाणी त्वरेने उडते व अंग निवते. वाहनातही हा उपचार चालू ठेवावा. अशा रुग्णास मुखावाटे काहीही देऊ नये, मग ते कितीही पित्तशामक असो. बेशुद्ध रुग्णाची रक्तशर्करा मोजण्यास विसरू नये. मधुमेही जातरू औषध घेऊन उपाशीपोटी चालत असतात.

शुद्धीवर असलेल्या, थकलेल्या रुग्णांसाठी जलसंजीवनी हे प्रमुख औषध होय. मोठ्या जनसमुदायात साधा उपाय काय करू शकतो याचे उत्तम उदाहरण डॉ. दिलीप महालनबीस यांनी घालून दिले. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली असता शिरेवाटे द्यावयाचे द्रव अपुरे पडले. तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. मात्र प्रमाण पाळले पाहिजे. आमच्या शिबिरातील उत्साही सेवेकरी एक लिटरचे पाकीट एका पेल्यात विरघळवून देताना आम्ही पाहिले आहेत. त्याने लाभाऐवजी अपाय होतो. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मोठ्या अक्षरांत तंबूवर लावावे. नुसती गोड सरबते पुरेशी नाहीत. त्या भागातील लोक बाजरीचे पीठ ताकात शिजवून, मीठ घालून ‘राबडी’ करतात. आपल्याकडील दुधाच्या रबडीशी तिचा संबंध नाही. मरुभूमीतील माणसाने देशसात्म्याने शोधलेले ते पेयच आहे आणि आम्ही ते आता आवर्जून देतो.

सर्पदंशाकडे पुन्हा वळू. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मरण पावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. थारमध्ये मण्यारीइतकेच भय फुरशाचे. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांच्या विषापासून बनते व ते विष मुख्यतः तामिळनाडूत गोळा केले जाते. पश्चिम राजस्थानातील फुरशाच्या विषावर ते तितके प्रभावी ठरत नाही, असा तेथील चिकित्सकांचा अनुभव आहे. अर्थात अशा रुग्णाचा रक्तस्राव प्रतिविषानंतरही चालू राहू शकतो आणि त्यास मोठ्या रुग्णालयाची गरज लागते. म्हणूनच तंबूत घालविलेला प्रत्येक क्षण रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतो.

येथे एक नाजूक विषय काढावा लागतो. चरकसंहितेत विषाचे चोवीस उपक्रम आहेत, सुश्रुताने कल्पस्थानात दंशाच्या वर अरिष्टाबंधन सांगितले आहे. त्या ग्रंथांविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. तथापि करकचून बांधणे, छेद देणे, चोखणे यांनी हानी होते, हे आज निर्विवाद सिद्ध झाले आहे. फुरशाच्या दंशात रक्त गोठत नसताना छेद देणे म्हणजे रक्तस्रावाला वाट करून देणे होय. रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव खपाचीने स्थिर करावा, अंगठ्या-कडी काढावीत व ताबडतोब पाठवावे. श्वास मंदावल्यास अंबू बॅगने कृत्रिम श्वसन देत न्यावे. मण्यारीच्या रुग्णास बोलता येत नसले तरी ऐकू येत असते, हेही ध्यानात ठेवावे.

काही वैद्यमित्र विचारतात, ‘सगळे पुढेच पाठवायचे तर आपण तेथे कशासाठी जायचे? ही आयुर्वेदाची हार नव्हे काय?’ आम्हांस तसे वाटत नाही. गुल्म पक्व झाला असता पुढील अधिकार धान्वंतरीयांचा, असे स्वतः चरकाचार्यांनी स्पष्ट केले आहे. कायचिकित्सेच्या आद्य आचार्यास रुग्ण शल्यज्ञाकडे सोपविताना कमीपणा वाटला नाही. मग आपणांस तो का वाटावा? आपले काय व दुसऱ्याचे काय हे ओळखणे हाच वैद्याचा विवेक आहे.

आणि आपले असे तेथे पुष्कळ आहे. तंबूपुढील रांगेत बहुतांश लोक पायांच्या तक्रारी घेऊन उभे असतात. फोड फोडू नये, त्यावरील त्वचा राखावी. फुटलेल्या फोडांवर स्वच्छ धुऊन जात्यादि तैलाची पट्टी उत्तम काम करते. उन्हाने होरपळलेल्या त्वचेस शतधौत घृत, उन्हाळी लागलेल्यास धने व वाळ्याचा हिम, मुरगळलेल्या घोट्यास लेप व बंधन, आम्लपित्त, मलावष्टंभ, वाळूने चुरचुरणारे डोळे या सर्वांत आपला हात कुशल आहे. मधुमेही अनवाणी यात्रेकरूचे तळवे रोज पाहणे, त्याला पादत्राण घालण्यास राजी करणे, हे कार्य तर अन्य कोणी करीत नाही. नवस मोडेल या भयाने तो ऐकत नाही. पण वैद्य शेजारी बसून दोन शब्द बोलला तर मऊ कापड तरी बांधून घेतो.

या अनुभवावरून संघापुढे काही सूचना मांडतो. यात्राशिबिरास जाणाऱ्या प्रत्येक सभासदाने आधी प्रथमोपचार व हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे. शिबिराच्या जागेपासून प्रतिविष व कृत्रिम श्वसनयंत्र असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वी दूरध्वनी करून निश्चित करावे. एक वाहन चालकासह रात्रंदिवस केवळ रुग्णासाठी राखीव असावे व ते गेल्यास दुसरे कोठून येईल हे ठरलेले असावे. कोणते रुग्ण तत्काळ पाठवावयाचे याची यादी तंबूत टांगावी. पहाटे अकारण पोटदुखी हे लक्षण त्या यादीत वरच्या ओळीत असावे. रुग्णनोंदवही ठेवावी व परतल्यावर चुकांसह ती सभेत वाचावी. झोपणाऱ्यांसाठी खाटा किंवा मच्छरदाण्या आणि रात्री चालणाऱ्यांसाठी चमकणाऱ्या पट्ट्या वाटणे, हेही औषधवाटपाइतकेच मोलाचे मानावे.

या सूचना केवळ मरुभूमीपुरत्या नाहीत. पंढरीच्या वारीत आपल्यापैकी अनेक जण सेवा करतात, त्यांनीही त्या तपासून पाहाव्यात. सेवेचा भाव आपल्या अंगी उणा नाही. उणीव असते ती पूर्वतयारीची. त्या पहाटेच्या तरुणाने जाताना आमच्या पायांस हात लावला होता, असे सोबत्यांनी वाहन निघताना सांगितले. पापण्या मिटलेल्या, हात उचलवत नसलेल्या अवस्थेत त्याने केलेला तो नमस्कार स्वीकारण्याची आमची त्या दिवशी योग्यता नव्हती. पुढच्या भाद्रपदात जो वैद्य त्या वाटेवर तंबू टाकील, त्याची ती असावी, एवढ्यासाठी हा प्रपंच.