आज्ञा त्यांची, आळस आमचा

सोयाबीनची सोंगणी आटोपून तूर अजून शेतात उभी असते, त्या दिवसांत किन्हीराजाला जाणे झाले. मालेगाव तालुक्यातील, वाशीम जिल्ह्यातील हे गाव नागपूर-मुंबई मार्गावरचे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून लांब पल्ल्याची वाहने तिकडे वळली, तरी थांब्यावरची वर्दळ सरलेली नाही. तेथे मंदिराच्या सभामंडपाची चर्चा जोरात होती. वर्गणीच्या पावत्या फाटत होत्या, फरशी कोणती बसवावी यावर दोन गट पडले होते. चहा पिता पिता एकाने आवाज खाली आणून सांगितले, "भाऊ, आपल्या इकडंही आता प्रार्थनावाले यायला लागले. काही तरी लिहा त्यांच्यावर."

कोणाच्या घरी येतात, असे विचारले तेव्हा उत्तर द्यायला तो घुटमळला. अखेर एका घराचे नाव निघाले. कर्जापायी जीव दिलेल्या एका शेतकऱ्याचे ते घर. मी जाऊन आलो. घरात ती बाई, दोन मुले आणि अंथरुणाला खिळलेली सासू. धर्मांतर वगैरे काही झालेले नव्हते. देव्हारा जागच्या जागी होता, त्यापुढे दिवाही होता. रविवारी शेजारच्या गावी प्रार्थनेला जाते, एवढे तिने न लपवता सांगितले. मी अडखळत काही बोलू लागलो, तेव्हा तिने शांतपणे विचारले, "भाऊ, मले ताप होता त थ्या बाईनं भाकरी टाकून देल्ल्या, बुढीचं आंग पुसून देल्लं. थे लोक येतात अन् बसतात. तुमी कोठी होते?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीमही होता. त्या पॅकेजवर मी त्या काळी रकानेच्या रकाने लिहिले. त्या घरांपैकी किती घरांच्या उंबऱ्याच्या आत गेलो, हे मात्र लिहिण्यासारखे नाही.

ख्रिस्ती मिशनऱ्यांवर लिहायचे म्हटले की आपल्याकडे शब्दांची कमतरता पडत नाही. परकीय पैसा, प्रलोभन, चंगाई सभा, भोळ्या वनवासींची फसवणूक. यातील पुष्कळसे खरे आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. आजार प्रार्थनेने बरा होतो असे सांगून औषध बंद करायला लावणारा मनुष्य भगव्या कफनीत असो वा पांढऱ्या झग्यात, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा दोघांनाही सारखाच लागू व्हावयास हवा. बुवाबाजीवर तुटून पडणारी आमची पुरोगामी मंडळी चंगाई सभेच्या मांडवापाशी आली की त्यांचा आवाज का बसतो, हे कोडेच आहे. परंतु एवढे लिहून झाल्यावर एक प्रश्न उरतो. तो माणूस मुळात येतो का?

तो येतो, कारण त्याला तशी आज्ञा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशूने आपल्या अनुयायांना सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करावयास सांगितले आहे. ख्रिस्ती माणसाच्या लेखी हा अंतिम आदेश आहे, आवडीनिवडीचा विषय नव्हे. आपल्या गुरूवर ज्याची खरी श्रद्धा आहे, त्याने त्या आदेशासाठी सर्वस्व वाहिले तर त्याला ढोंगी म्हणता येणार नाही. उलट रविवारी तासभर चर्चमध्ये बसून सोमवारी तो आदेश विसरणारा ख्रिस्तीच आपल्या धर्माशी कमी प्रामाणिक ठरतो. आमचे भांडण त्याच्या निष्ठेशी नाही. एकच मार्ग सत्य आणि बाकीचे सारे अंधारात, या दाव्याशी आमचे भांडण आहे. १९९९ च्या नोव्हेंबरात पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत आले. पहिल्या सहस्रकात युरोपात, दुसऱ्यात अमेरिका व आफ्रिकेत क्रूस रुजला, आता तिसऱ्यात आशियात श्रद्धेचे मोठे पीक हाती यावे, अशी आकांक्षा त्यांनी याच भूमीवर उभे राहून प्रकट केली. पाहुण्याने यजमानाच्या शेताकडे पाहून सुगीचा हिशेब मांडावा, असा तो प्रकार होता. हिंदू मन त्याने दुखावले, यात नवल नाही.

तथापि त्या आदेशातील शब्द 'शिष्य' हा आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शिष्य घडवायचा तर त्याच्याजवळ राहावे लागते, त्याची भाषा बोलावी लागते, त्याच्या दुखण्याखुपण्यात रात्री जागवाव्या लागतात. विल्यम केरीने बंगालमधील श्रीरामपुरात बसून १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली कोश. ते काम त्याने नागपूरच्या वैजनाथ पंडितांना हाताशी धरून केले. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. पण मराठी माणसाला मराठीतच गाठले पाहिजे हे त्या परक्याला उमगले होते आणि आमच्या शास्त्रीमंडळींना ते तेव्हा उमगले नव्हते, हेही तितकेच उघड आहे.

दूर कशाला जा? आमच्या वाशीमचेच पाहा. अमेरिकेतील नाझरीन पंथाच्या मिशनने १९३० च्या दशकात येथे दवाखाना उभारला. रेनॉल्ड्स मेमोरियल या नावाने तो पंचक्रोशीत ओळखला गेला. सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका अविवाहित डॉक्टर बाईने जवळपास चार दशके येथे काढली. त्या काळचे वाशीम म्हणजे धूळ, हिवताप आणि बैलगाडी. माझा जन्म त्याच दवाखान्यातला. आई अडली होती, किन्हीराजाकडून बैलगाडीने आणि पुढे मोटारीने तिला तेथे नेले. आई सांगायची, भिंतीवर येशूची तसबीर होती आणि तिने डोळे मिटून आपल्या रेणुकेचे नाव घेतले. दोघांपैकी कोणीच रागावले नाही, असे म्हणून ती हसायची. त्या बाईंची श्रद्धा मला मान्य नाही, पण त्यांचे ऋण माझ्या श्वासावर आहे. ते नाकारून मला धर्माभिमानी म्हणवून घेता येणार नाही.

या आदेशाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा माणूस टिपला तो नारायण वामन टिळक. तो प्रसंगही विदर्भाच्या वाटेवरचाच आहे. टिळक नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे होते, 'ऋषि' मासिक चालवीत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. पुढे १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर कसे दुभंगले ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. धर्मांतराचा खरा हिशेब जनगणनेत मिळत नाही, तो त्या पुस्तकात मिळतो. पाद्र्यांनीही ते वाचावे आणि आपणही.

मात्र टिळकांची कथा बाप्तिस्म्यापाशी संपत नाही. ते ख्रिस्ती झाले तरी त्यांची लेखणी अभंगाची आणि त्यांची वाणी कीर्तनकाराचीच राहिली. तुकोबांना त्यांनी कधी सोडले नाही. आणि अखेरीस मिशनचा पगारही त्यांनी नाकारला. १९१७ साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारून, बाप्तिस्मा झालेल्या न झालेल्या सर्वांनाच त्यांनी हाक दिली. गोऱ्यांच्या मिशनच्या चौकटीत येशूचा शिष्य होता येत नाही, हे बाविसाव्या वर्षी त्यांना कळून चुकले होते. आजचे जे प्रचारक किती गावे 'पोहोचली' आणि किती 'राहिली' यांचे तक्ते परदेशी देणगीदारांना धाडतात, त्यांनी टिळकांच्या या शेवटच्या दोन वर्षांचे उत्तर द्यावे. शिष्य तक्त्यात मावत नाही. ज्याच्या फीच्या पैशांवर आणि धान्याच्या पोत्यावर श्रद्धा तोलली जाते, तो शिष्य नव्हे, लाभार्थी होय. शिष्य करण्याची आज्ञा गांभीर्याने घ्यायची तर ख्रिस्ती बांधवांना सर्वप्रथम ही पोती बाजूला ठेवावी लागतील. तसे त्यांनी केले, निव्वळ आचरणाने माणसे जिंकली, तर आमची तक्रार कायद्यापुढे टिकणार नाही आणि टिकूही नये.

कायद्याचा विषय निघालाच आहे. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ साली न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली, १९५६ साली तिचा अहवाल आला. १९६८ साली मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. धर्माचा प्रचार करण्याचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा अधिकार नव्हे, असा तो निर्वाळा आहे. आम्ही त्याचे स्वागत केले, आजही करतो. फसवणूक आणि जबरदस्ती यांना कायद्याने आवर घालावा. पण किन्हीराजाच्या त्या घरात फसवणूक कोणती आणि जबरदस्ती कोणती? तापलेल्या बाईला भाकरी टाकून देणे, हा कोणत्या कलमाखाली गुन्हा?

काही उतावळ्यांना वेगळे मार्ग सुचतात. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या ग्रॅहम स्टेन्स यांना त्यांच्या दोन कोवळ्या मुलांसह गाडीत जाळण्यात आले. ते कृत्य करणाऱ्यांनी कोणाचेही रक्षण केले नाही. हिंदू समाजाच्या कपाळी एक डाग मात्र कायमचा लावला. झोपलेली मुले जाळून जो वाचवावा लागेल तो धर्म आमचा नव्हे. हे आपल्या घरात आपणच बोलले पाहिजे, बाहेरच्यांनी ऐकविण्याची वाट पाहू नये.

आपल्या परंपरेत याचे खरे उत्तर देऊन ठेवलेले आहे. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी भर सभेत वाद घालत. त्यांच्या हातात युक्तिवाद होता, दगड नव्हता. परंतु वादापेक्षाही मोठे उत्तर सदाशिव गोविंद कात्रे यांनी दिले. कात्रे स्वतः कुष्ठरोगी. समाजाने टाकलेले. मिशनच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी उपचार घेतले, तेथील धर्मप्रचाराचा त्यांना सल होता. ते निषेधाची पत्रके काढीत बसले नाहीत. श्रीगुरुजींच्या प्रेरणेने १९६२ साली चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाचे काम त्यांनी उभे केले. रोगाने झडलेल्या हातांनी! पुढे तेच काम वऱ्हाडातील पथ्रोटच्या दामोदर गणेश बापटांनी अनेक दशके पुढे नेले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ साली ते गेले. अमरावतीचे बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ साली जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू केला, तोही मूठभर मुलांच्या वसतिगृहाने. मिशनऱ्याला शिव्या देऊन यांतील कोणीही मोठा झाला नाही. मिशनरी जेथे बसतो तेथे हे जाऊन बसले, आणि त्याच्याहून अधिक काळ बसले.

येथे कोणी म्हणेल, की एवढे घाबरण्यासारखे आहे काय? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. शतकांच्या खटाटोपाचे हे फळ. आमच्यातील काहींना हा आकडा पटत नाही, ते लपलेल्या ख्रिस्त्यांचा हिशेब सांगतात. मला तो वाद घालायचा नाही. आकडा खरा धरला तरी माझी चिंता कमी होत नाही, कारण ती त्यांच्या वाढीची नाहीच. एखाद्या घरावर आभाळ कोसळते आणि गावातील शे-दीडशे घरांपैकी कोणीही तिसऱ्या दिवसानंतर तेथे फिरकत नाही, ही ती चिंता आहे. त्या घरात उद्या पाद्री आला नाही तरी ते घर आपले राहिले, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

संघाच्या शाखेत व्यक्तिनिर्माण हा शब्द आपण लहानपणापासून ऐकला. त्यांचे शिष्य करणे आणि आपले माणूस घडविणे यांत ध्येयाचा फरक मोठा आहे, रीत मात्र एकच आहे: घरी जाणे. पूर्वीचा गटनायक सायंकाळी चार घरे फिरल्याशिवाय जेवत नसे. आता निरोप मोबाईलवर जातो, उपस्थितीही मोबाईलवरच लागते, आणि 'संपर्क झाला' असे वृत्त वर जाते. उत्सवांची संख्या वाढली, मिरवणुकीतील ध्वनिवर्धक वाढले. पूर्वी कोणाकडे दुखवट्याला गेले की घोंगडीवर बसून राहणारी जी माणसे असत, ती कोठे गेली?

त्या सायंकाळी मंदिरात बैठक होती. विषय फरशीचाच होता. मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी त्या बाईचा प्रश्न नाव न घेता तिच्याच शब्दांत मांडला. सभा गप्प झाली. काहींना राग आला, एकाने मला पाद्र्यांचा वकील ठरविले. मग मागे बसलेल्या एका वयस्क बाई उठल्या. म्हणाल्या, फरशी कोणतीही बसवा, मला एक वही आणून द्या. गावात एकटी पडलेली घरे त्यांनी बसल्या जागी सांगायला सुरुवात केली. एका पोराने लिहून घेतले. बारा झाली. पहिल्या घरापुढे त्यांनी स्वतःचेच नाव लिहायला लावले आणि वार विचारला तेव्हा म्हणाल्या, "उद्याच जाते. थ्या बुढीचं आंग पुसायचं हाय ना?"