दसऱ्याचा झेंडू आणि आपण सभासद



उसाचं सोडून फुलांविषयी लिहितो म्हणून रागावू नये. उसाच्या कडेला दहा-पंधरा गुंठे झेंडू लावून सणाचा खर्च भागवणारे माझ्यासारखे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी आला. पुढं रविवार. जोडून सुट्टी, तेव्हा रत्नागिरीला गर्दी होणार, दर मिळणार, असा मी हिशेब मांडला. थोरली बहीण तिकडंच दिलेली, त्यामुळं उतरायची सोय होती. शुक्रवारी दिवसभर तोडा केला, पंचवीस क्रेट भरले आणि रात्री आंबा घाट उतरलो. वाटेत सर आली म्हणून ताडपत्री करकचून आवळली. ओली फुलं आतल्या आत तापली. सकाळी मारुती मंदिराजवळ गाडी उघडली, तर खालचे चार क्रेट काळे पडायला लागलेले.

खरा फटका पुढंच होता. कचेऱ्या, बँका, शाळा यांनी आपली पूजा शुक्रवारीच उरकली होती. सरकारी कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण डोक्यात आलं नाही. ठोक गिऱ्हाईक आदल्या दिवशीच मोकळं झालेलं. रस्त्याला गर्दी होती खरी, पण बरीचशी गणपतीपुळ्याला निघालेल्या पाहुण्यांची. पाहुणा तोरण कुठं बांधणार? त्याचं दार पुण्या-मुंबईला.

सकाळी मी १२० रुपये किलो सांगत होतो. एका हारवाल्यानं ८० नं तीन क्रेट मागितले, मी मान हलवली. अकरानंतर आणखी गाड्या घाट उतरून आल्या. बघतो तर सगळे ओळखीचे, आपल्याच गटातले! एकानं १०० केले, दुसऱ्यानं ७०, मग मी ६०. दोन वाजता ४० ला कुणी विचारीना. संध्याकाळी सहा क्रेट उरले, ते ताईनं गल्लीत वाटले. दाजी काही बोलले नाहीत, पण डिझेलचे पैसे त्यांनीच दिले, हे मनाला लागलं.

माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. आंब्याची पानं, भाताच्या लोंब्या आणि मधे झेंडू, अशी तोरणं. कोकणात दसऱ्याला नव्या भाताची लोंबी दाराला लागते, हे मी इतकी वर्षं जाऊन-येऊनही ध्यानात घेतलं नव्हतं. सकाळी माझ्याकडनंच त्यांनी पाच किलो फुलं नेली आणि दहाच्या आत माल संपवून त्या घरी गेल्या. रिक्षा, स्कूटरचे छोटे हार मात्र दुपारपर्यंत खपत होते. सुटं फूल फक्त आम्ही विकत होतो.

उसाला काटा आहे, गव्हाण आहे. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,४०० रुपये एफ.आर.पी. ठरली होती, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं चौदा दिवसांत बिल देणं बंधनकारक आहे. ते वेळेवर मिळतं की नाही हा वेगळा विषय, असो. झेंडूला यातलं काहीच नाही, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला गिऱ्हाईकही नाही. मग ज्या पिकाला आधार नाही, तिथंच आपण एकमेकांच्या मुळावर का उठतो? उसापुरते सहकारी आणि फुलाला वैरी, हे काही खरं नव्हे.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीलाच आला. या खेपेस आम्ही तिघांनी मिळून एकच टेम्पो केला, दर आपसात ठरवला आणि मंगळवारी रात्रीच निघालो. फुलं कोरडी तोडली, ताडपत्रीला वारा खेळायला जागा ठेवली. बुधवारी कचेऱ्यांचं गिऱ्हाईक गाठलं, गुरुवारी ताईनं शेजारणींना घेऊन तोरणं केली. फार मोठा पैसा झाला नाही. पण रिकामे क्रेट घेऊन घाट चढलो.

कारखान्यानं फुलं घ्यावीत असं माझं म्हणणं नाही. झेंडू लागणीपासून साधारण दोन महिन्यांत फुलतो. तेव्हा रोपं सांगण्याआधी, आषाढातच, गट ऑफिसात फूलवाल्या सभासदांची एक बैठक बोलवावी. कोण किती लावणार, कुणाची गाडी कुठल्या गावाला जाणार, एवढं तरी ठरेल. तारीख चिटबॉयमार्फत कळवावी. चहाचा खर्च माझ्याकडं.

— एक सभासद