तिजोरीचा हिशेब आणि मतांचा जोगवा

निवडणूक जवळ आली की आश्वासनांचा सुकाळ होतो. रस्ते, पाणी, शाळा यांची वचने सढळ हाताने वाटली जातात. परंतु मागील मुदतीत हाती आलेल्या पैशाचे काय केले, हे आपण होऊन सांगणारा उमेदवार दिवा घेऊन शोधावा लागतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत जिल्ह्याचा खजिनदारच लोकांच्या मतांनी निवडला जातो. पुन्हा मत मागताना त्याला आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडील कोषागार अधिकारी शासनाचा सेवक. त्याला कोणाकडे मत मागावे लागत नाही. मग बुलढाणा जिल्ह्याच्या सार्वजनिक पैशाचा जाब लोकांनी विचारावा तरी कोणाला?

तो विचारावा जिल्हा परिषदेच्या सदस्यांना. १९६१ च्या कायद्यान्वये १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यांच्या विषय समित्यांत अर्थ समितीला विशेष महत्त्व आहे. तिचा सभापती निवडून आलेला सदस्य असतो आणि मुख्य लेखा व वित्त अधिकारी तिचे सचिवपद सांभाळतो. १९६८ ची लेखासंहिता या कारभाराला शिस्त लावण्यासाठीच आहे. नियम आहेत, वाण आहे ती विचारणाऱ्यांची.

जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असते. बहुतेक रक्कम शासनाच्या अनुदानातून येते आणि तीही ठरलेल्या कामासाठी. म्हणून ‘मी इतका निधी आणला’ ही फुशारकी फारशी अर्थपूर्ण नाही. खरी कसोटी तो वेळेवर आणि योग्य ठिकाणी खर्च झाला की नाही, ही आहे. वर्षभर निजलेल्या फायली मार्चमध्ये खडबडून जाग्या होतात. अशा घाईत केलेल्या कामाचा दर्जा काय राहणार? शाळेच्या गळक्या छपराचा पैसा अखर्चित राहून परत जात असेल, तर तो अपराध छोटा कसा म्हणावा?

दुसरी कसोटी लेखापरीक्षणाची. स्थानिक निधी लेखापरीक्षा आक्षेप नोंदविते, विधिमंडळाची पंचायत राज समिती साक्षी घेते. त्या आक्षेपांपैकी किती निकाली निघाले, हे मतदाराला कधी कळते काय? तिसरी कसोटी न्याय्य वाटपाची. घाटावरची गरज वेगळी, घाटाखालची वेगळी. संग्रामपूर व जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात गोड पाण्याचा घोट हीच पहिली निकड आहे. तेथील पाण्याआधी दुसऱ्या कामाची कमान उभी राहिली, तर हिशेब जुळूनही न्याय झाला, असे म्हणता येणार नाही.

निवडून आलेल्यांच्या हाती तिजोरी सोपवून लोक गाफील राहिले, तर काय होते, याचा धडा जिल्ह्याने घेतला आहे. परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्याने २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. पुढे शासनाच्या भांडवली साहाय्याने बँक सावरली, परंतु ठेवीदारांनी सोसलेली चिंता कोण भरून देणार?

२०१७ मध्ये निवडलेल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक कितीही कार्यक्षम असला, तरी तो मतदाराला उत्तरदायी नसतो. निवडून आलेल्यांचीही एक अडचण आहे. फिरत्या आरक्षणामुळे पुढच्या खेपेस तोच गट त्याच सदस्याच्या वाट्याला येईल, याची शाश्वती नसते. त्यामुळे ‘आपल्याला पुन्हा कोठे यायचे आहे?’ ही वृत्ती बळावते. आरक्षणाचे तत्त्व न्याय्यच आहे. मात्र पद सोडताना लेखी हिशेब मागे ठेवण्याची प्रथा त्याच्या जोडीला हवी.

आमची सूचना साधी आहे. पुन्हा मत मागणाऱ्या प्रत्येक सदस्याने आपल्या गटात किती निधी आला, किती खर्च झाला, किती परत गेला आणि कोणते आक्षेप शिल्लक आहेत, याचे एक पानभर निवेदन ग्रामसभेत वाचावे व भिंतीवर लावावे. आकड्यांची भाषा जाणणाऱ्या शिक्षकांनी व कारकुनांनी ते गावकऱ्यांना समजावून द्यावे, विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावेत. ज्याला हे एक पान लिहिता येत नाही, त्याला जिल्ह्याच्या तिजोरीची किल्ली मागण्याचा अधिकार नाही.