लावणी वाटून घेता येते, पिकणं नाही

पापनाशम हे तंजावर आणि कुंभकोणमच्या दरम्यानचं, कावेरीच्या पाण्यावर भात पिकवणारं गाव. आपण जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावतो, ते लोक ऑक्टोबरात. त्यांचा मुख्य पाऊस ईशान्येकडून येतो. आणि नेमकं तेव्हाच ‘कुरुवै’ हंगामाचं कापलेलं भात उघड्यावर पडलेलं असतं. दोन-चार दिवस भिजलं की दाण्यांना मोड! पाऊस आधी कळला, तर निदान ताडपत्री तरी घालता येते.

हा पाऊस आधी मांडून पाहणारा ‘अर्का’ महासंगणक आपल्या पुण्यात, पाषाणच्या हवामान संशोधन संस्थेत आहे. तो २०२४ साली बसला. मे २०२५ मध्ये अंदाजाची नवी पद्धत आली, तिच्यात हवामान ६ किलोमीटरच्या चौकटींत मांडतात. आधी चौकट १२ किलोमीटरची होती. चौकट निम्मी, म्हणजे काम दुप्पट? छे! लांबी-रुंदी मिळून चौकटी चौपट होतात, शिवाय काळाची पावलंही निम्मी टाकावी लागतात. म्हणजे साधारण आठपट.

एवढं काम एकट्याच्या आवाक्यातलं नव्हे. ते वाटून घ्यावं लागतं. पुण्याच्याच सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ केला, तो याच तत्त्वावर. आता तर आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही बहुधा आठ कोअर, म्हणजे आठ गणिती मजूर असतात.

पण मजूर वाढवले म्हणून वेग त्याच हिशेबाने वाढत नाही. भातलावणी पाहा. बायका ओळीने उभ्या राहून लावतात, प्रत्येकीचा पट्टा ठरलेला. तरी शेजारणीकडे पाहूनच ओळ सरळ राहते. संगणकातही प्रत्येक कोअरला आपल्या तुकड्याच्या कडेचा वारा शेजाऱ्याला विचारावाच लागतो. त्यात वेळ जातो. काही कामं तर वाटताच येत नाहीत. जीन अ‍ॅमडॉल यांनी १९६७ साली हे दाखवून दिलं: दहा तासांच्या कामातला एक तास न वाटता येणारा असेल, तर हजार मजूर लावले तरी तो तास लागणारच.

हवामानात ही अडचण मुळातच आहे. पापनाशमचा पाऊस आणि पुण्याचा वारा एकाच वेळी दोघांनी मांडावा, खुशाल. पण उद्याचं आभाळ आजच्यातून निघतं. सकाळचं उत्तर हाती आल्याशिवाय दुपारचं गणित सुरूच होत नाही. लावणीला शंभर हात लागले तरी भात पिकायला आपले दिवस घेतोच.