चुलीची विद्या व फीचा आंकडा

एखाद्या कुणब्याच्या किंवा सुताराच्या पोरानें "मी स्वयंपाक शिकायला जातों" असें म्हटलें कीं घरचीं वडील माणसें कपाळाला हात लावतात. "भाकऱ्या बडवायला का शाळा लागते?" हा त्यांचा सवाल. वास्तविक वस्तादाशिवाय हात बसत नाहीं हें सुताराला, लोहाराला कोणीं सांगावयास नको. विचारावयाचें तें निराळेंच आहे: शाळा कोणाची, फी किती, आणि शिकून बाहेर पडल्यावर हातांत मजुरी पडते कीं कर्जाचा रोखा?

या बाबतींत अमेरिकेकडे पाहण्यासारखें आहे. तिकडे लोकांच्या कराच्या पैशावर चालणारीं, दोन वर्षांच्या शिक्षणाचीं 'कम्युनिटी कॉलेजें' जागोजाग आहेत. इलिनॉय राज्यांत जोलिएट येथें १९०१ सालीं निघालेलें कॉलेज त्यांत सर्वांत जुनें असून तें आजहि चालू आहे. गुणांची मोठी अट नाहीं. येईल त्याला दार उघडें. पुष्कळ कॉलेजांत वेल्डिंग व रोग्यांची शुश्रूषा यांच्या शेजारींच पाकविद्येचा वर्ग भरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजांत तो १९३६ सालापासून आहे.

तेथें सुरी कशी धरावी येथून सुरवात होते. कांदा एकसारखा चिरला नाहीं तर कांहीं जळतो व कांहीं कच्चा राहतो, म्हणून चिरण्यावरच कित्येक दिवस घालवितात. पावाचें पीठ मापानें नव्हे, तराजूवर तोलून घ्यावयाचें. शिजलेलें अन्न ५ ते ५७ अंश सेंटिग्रेड यांच्या दरम्यान तासन्‌तास राहिलें कीं त्यांत रोगाचे जंतु माजतात. कोंबडी आंतून ७४ अंशांपर्यंत तापली पाहिजे. हें उष्णतामापक खुपसून पाहावयास लावतात. त्याहून महत्त्वाचा हिशेब. दहा किलो बटाटे सोलल्यावर उरले किती, एका ताटाला माल किती पैशांचा लागला, वायां किती गेला, हें रोज लिहावें लागतें. आमच्या आयाबाया हेंच हाताच्या अंदाजानें करीत आल्या. पण तो अंदाज कागदावर नाहीं, म्हणून बाजारांत त्याला कोणी किंमत देत नाहीं. पोरांनीं रांधलेलें अन्न बऱ्याच कॉलेजांतून खानावळींत वाढलें जातें व बाहेरचे लोक पैसे देऊन जेवतात. म्हणजे परीक्षेला वेगळा मास्तर आणावयास नको!

आतां फी. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशास एका युनिटला ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांच्या पदवीला साधारण ६० युनिटें, म्हणजे २,७६० डॉलर. सुऱ्या, कपडे, पुस्तकें यांचा खर्च निराळा. सॅन फ्रान्सिस्कोनें तर २०१७ सालीं आपल्या रहिवाशांना हीहि फी माफ केली.

त्याच शहरांत कॅलिफोर्निया कलिनरी अकॅडमी नांवाची एक खाजगी शाळाहि होती. तिची फी याच्या कितीतरी पट. नोकऱ्यांचीं खोटीं आमिषें दाखविलीं असें म्हणून विद्यार्थी कोर्टांत गेले, आणि २०११ सालीं मालक कंपनीनें सुमारें ४ कोटि डॉलरांवर तडजोड केली. ल कॉर्दों ब्ल्यू या फ्रेंच नांवाखालीं तिनें अमेरिकेंत चालविलेल्या १६ शाळा २०१७ पर्यंत बंद पडल्या. कांदा दोन्हीकडे तोच चिरावयाचा होता!

या धंद्यांत पहिलीं वर्षें मजुरी थोडी, उभें राहून पाय सुजतात, सणासुदीला सुटी नाहीं. असल्या मजुरींतून मोठें कर्ज फिटत नाहीं. म्हणूनच फीचा आंकडा आम्ही इतका उगाळीत आहों.

मानाचें म्हणाल तर तो तिकडेहि आपोआप मिळाला नाहीं. सरकारी यादींत मुख्य स्वयंपाकी घरगड्यांत गणला जाई. स्वयंपाक्यांच्या संघानें खटपट केली तेव्हां १९७६ सालीं त्याला व्यावसायिकांत जागा मिळाली. आमच्याकडे रोग याहून जुनाट. पदार्थ कसा झाला हें मागाहून, आधीं हात कोणत्या जातीचा ही चौकशी! १९२० च्या सुमारास कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं गंगाराम कांबळे यांना चहाचें दुकान घालून दिलें व भर रस्त्यांत तेथील चहा स्वतः घेतला, तो याच चौकशीवर घाव होता.

आज आमच्याकडे कांहीं सरकारी आय. टी. आय. मध्यें 'फूड प्रॉडक्शन' हा एक वर्षाचा शिक्षणक्रम आहे. तेव्हां बाबांनो, रंगीत जाहिरात पाहून शेत गहाण टाकण्याआधीं तेथें जाऊन फी विचारा, आणि खाजगी कॉलेजवाला नोकरीची हमी देईल तर ती कागदावर मागा. सरकारनेंहि असे वर्ग तालुक्यातालुक्याला काढावे, त्यांना जोडून खानावळ ठेवावी, आणि शिकवावयास आयुष्यभर खानावळी चालविलेल्या बायांना बोलवावें. पगार मात्र मास्तरांचा द्यावा.