चवड्याचं दुखणं



आरोग्याचा विषय निघाला की आपल्या बैठकांत रक्तक्षय, बाळंतपण, कंबरदुखी यांवर बोलणं होतं. पायाच्या चवड्याबद्दल कोणी बोलत नाही. वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या, निंदणाला जाणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायांची पावलं मी पाहते, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड आणि शेजारच्या बोटावर रेललेला अंगठा पुन्हा पुन्हा दिसतो. डॉक्टर याला ‘बनियन’ म्हणतात. (ऐकणारीला नवऱ्याचा गंजीफ्रॉक आठवतो, तो भाग वेगळा!)

हाड जिथे बाहेर आलं तिथेच दुखेल, असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा दुखतं ते दुसऱ्या बोटाच्या मुळाखाली, चवड्यात. पाऊल टाकताना मोठा भार अंगठ्याकडच्या जाड हाडाने पेलायचा असतो. ते बाजूला सरकलं की भार शेजारच्या बारीक हाडावर येतो. मग तिथे घट्टा पडतो, आग होते, चपलेत खडा अडकल्यासारखं वाटतं. म्हणजे ज्या बोटात जोडवं, त्याच बोटावर अंगठ्याचंही ओझं. बोट सुजलं तरी जोडवं न काढणारी बाई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. ते काढायला कोणाची परवानगी लागू नये.

अंगठा जितका वाकडा, तितका चवड्याला धोका जास्त. दुसरं बोट वर चढलं असेल तर आणखीच. वाढतं वय, वजन, ताठरलेल्या पोटऱ्या, संधिवात यांचीही भर पडते. यावर सल्ला ठरलेला: वजन कमी करा, फार उभ्या राहू नका. उभ्या राहू नका! वेचणीची मजुरी किलोवर मिळते, निंदण चवड्यावर उकिडवं बसून होतं, दुकानातल्या मुलीला काउंटरमागे साधं स्टूल नसतं. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवायला सांगितलं होतं. पण शेत म्हणजे कारखाना नव्हे, आणि दुसऱ्याचं स्वयंपाकघर तर नव्हेच. केरळात दुकानांतल्या बायांनी लढून २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आणवला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तो दिला.

‘बायकांना फॅशन नडते’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. अरुंद चपलेचा दोष खरा आहे. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या हाँगकाँगच्या एका अभ्यासात बूट घालणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांचा अंगठा असा वाकलेला आढळला, अनवाणी राहणाऱ्यांत हे प्रमाण जेमतेम २ टक्के होतं. पण दोष एकट्या चपलेचा नाही, आईच्या पायाची ठेवण लेकीत उतरते. आणि चप्पल तरी आपल्या मापाची कुठे असते? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखावर लोकांची पावलं मोजली, तेव्हा आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद निघाली. इतकी वर्षं आपण परक्यांच्या मापात चाललो. वर्ध्याला लागून नालवाडीत १९३० च्या दशकात चर्मालय चालायचं, तेव्हा पाऊल पाहून चप्पल शिवणारा माणूस गावोगाव होता. आता बाजारात जी स्वस्त ती घ्यायची, तीही घरातल्या सगळ्यांची घेऊन पैसे उरले तर.

घरी करून पाहा: कागदावर उभं राहून पावलाचा आकार काढा आणि त्यावर चप्पल ठेवा. रेघ चपलेबाहेर दिसली तर चप्पल अरुंद आहे. पुढून रुंद, चवड्याखाली मऊ चप्पल आणि पोटऱ्या ताणण्याचा रोजचा व्यायाम, एवढ्यानेही बऱ्याच जणींना आराम पडतो. घट्टा ब्लेडने कापू नका. मधुमेह असेल तर मुळीच नको, कारण बधिर पायाला जखम कळत नाही. शस्त्रक्रिया करायची ती दुखणं हटत नसेल तेव्हा, अंगठा सरळ दिसावा म्हणून नव्हे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. तिथे गेलात की आपण कोणतं काम करतो, किती तास उभ्या राहतो, किती तास उकिडव्या बसतो, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.